अविवाहित असल्यास पुढचा भाग गाळावा

कुटुंब नियोजनाच्या प्रश्नावल्या ज्यांनी भरून घेतल्या आहेत, त्यांना एक सूचना तोंडपाठ असते. नाव, वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती आणि लगेच खाली चौकटीत: अविवाहित असल्यास पुढचा भाग गाळावा. नागपुरातल्या वस्त्यांत आणि कुही, पारशिवनी, कळमेश्वरकडच्या गावांत असे कागद घेऊन मी बरीच वर्षं फिरले आहे. बुटीबोरीला कंपनीत जाणारी एकवीस-बावीस वर्षांची मुलगी समोर बसलेली असते आणि गर्भनिरोधक साधनांचे प्रश्न आले की पानं उलटावी लागतात. तिच्याच वयाच्या वहिनीचं लग्न होऊन वर्ष झालेलं असतं, म्हणून तिला मात्र ते सगळे प्रश्न विचारायचे, तेही सासू दारात तांदूळ निवडत बसलेली असताना. एका गावात मी मुलीकडे वळून काही विचारणार, तोच सोबतच्या आशाताई म्हणाल्या, "तिचं लग्नच नाई झालं न ताई, तिले कायले विचारता?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या हातातली वहीच जननक्षम जोडप्यांची होती.

तरुणांच्या गर्भनिरोधनाचं आपल्याकडचं संशोधन लग्नापासून सुरू होतं आणि तिथेच ते फसतं, असं माझं ठाम मत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेयो आणि मिहानमधलं एम्स अशा तीन सरकारी वैद्यकीय संस्था ज्या नागपुरात आहेत, तिथे हा प्रश्न वय पाहून विचारला गेला पाहिजे. मुलींना विचारतो तितकाच मुलांनाही विचारला पाहिजे. आणि खरं उत्तर दिल्याबद्दल कुणाला पुढे त्रास होणार नाही, याची सोय आधी झाली पाहिजे.

आकडे काय सांगतात ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ दरम्यान झाली. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ६६ टक्के स्त्रियांच्या घरात कोणतं ना कोणतं साधन वापरलं जातं. शंभरातल्या या ६६ पैकी ४९ जणींच्या बाबतीत ते साधन म्हणजे स्त्री-नसबंदीच आहे. पुरुष-नसबंदी अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोचत नाही. म्हणजे राज्याचं सगळं कुटुंब नियोजन मुख्यतः मुलं झालेल्या बाईच्या ऑपरेशनवर उभं आहे. देशात हे ऑपरेशन होतं तेव्हा बाईचं वय साधारण पंचवीस-सव्वीस असतं. त्याआधीच्या सात-आठ वर्षांत गोळ्या, निरोध, तांबी (कॉपर-टी), इंजेक्शन यांतलं काहीतरी हाताशी असण्याची गरज सगळ्यात मोठी असते, आणि नेमकी तीच वर्षं कार्यक्रमात पातळ होऊन जातात. इतक्यात मूल नको आहे पण साधनही वापरात नाही, अशा स्त्रियांचं प्रमाण विवाहितांमध्येसुद्धा १५ ते २४ याच वयात सर्वांत जास्त आहे.

हे झालं लग्न झालेल्यांचं. या टक्केवारीचा भाजक आहे 'सध्या विवाहित स्त्रिया'. सर्वेक्षणाच्या १९९२-९३ आणि १९९८-९९ या पहिल्या दोन फेऱ्यांत अविवाहित स्त्रियांची मुलाखतच घेतली गेली नव्हती. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून त्यांना विचारायला सुरुवात झाली. पण जिल्ह्याचं जे छोटं माहितीपत्रक निघतं, ज्याच्या आधाराने सरकारी आराखडे बनतात, त्यात साधनांचा वापर फक्त विवाहितांचाच छापलेला असतो. लैंगिक वर्तनाविषयीचे प्रश्न तर मोजक्याच घरांत विचारले जातात. त्यातून राज्याचा अंदाज निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. शिवाय हे सर्वेक्षण घरोघरचं आहे. वसतिगृह म्हणजे घर नव्हे, त्यामुळे तिथे राहणारी मुलं-मुली त्यात येतच नाहीत.

आता नागपूर डोळ्यांपुढे आणा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, आणि सीमेपलीकडचे छिंदवाडा-बालाघाट, इथून दरवर्षी तरुण मुलं-मुली या शहरात येतात. कुणी नर्सिंगला, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला, कुणी मिहान नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. नंदनवन, मानेवाडा, त्रिमूर्तीनगर या भागांत खोल्या भाड्याने घेऊन राहतात, मेसचे डबे लावतात. आयुष्यात पहिल्यांदाच आईबाप रोज पाहत नसतात. प्रेमात पडतात, मोडतात, काहींची पुढे त्याच जोडीदाराशी लग्नंही होतात. आरोग्य व्यवस्थेच्या लेखी यांना जागा कुठे आहे? राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. तो लग्न झालं की नाही हे न पाहता सर्व किशोरांसाठी आहे आणि त्याच्या दवाखान्यांना आपल्याकडे 'मैत्री' असं छान नावही दिलेलं आहे. पण त्याची वयोमर्यादा एकोणीस वर्षांची आहे. त्यानंतर थेट जननक्षम जोडप्यांची नोंदवही. वीस ते चोवीस वर्षांचा अविवाहित मुलगा किंवा मुलगी या दोन वह्यांच्या मधल्या फटीत राहते. ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी साठा मागवला जात नाही, वेळ ठेवली जात नाही, समुपदेशक नेमला जात नाही. इतक्या रोकड्या कारणाने ही मुलं सेवेबाहेर आहेत. त्यात संस्कृतीचा प्रश्न नंतर येतो.

मग ती जातात कुठे? संध्याकाळी सात-साडेसातला मानेवाडा रोडवरच्या एखाद्या मेडिकलच्या दुकानापाशी अर्धा तास उभं राहिलं तर कळतं. मुलगा आधी गाडी थोडी पुढे लावतो. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक असेल तर मोबाइल पाहत थांबतो. पाळी आली की आधी क्रोसिनची पट्टी मागतो, मग आवाज खाली घेऊन दुसरी वस्तू. दुकानदार मान वर न करता डबी कागदात गुंडाळतो, पैसे घेतो, पुढचा. संबंधानंतर तातडीने घ्यायची ७२ तासांची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, आणि ते योग्यच झालं. पण ती जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी पडते, तिने स्त्रीबीज बाहेर पडणं लांबतं, आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही, त्याच महिन्यात नंतर आलेल्या संबंधांना ती संरक्षण देत नाही, पाळी पुढे-मागे होऊ शकते, यातलं एक वाक्यही त्या काउंटरवर कुणी बोलत नाही. आतल्या कागदावर बारीक इंग्रजीत सगळं छापलेलं असतं. गोळी बहुतेक वेळा विकत घेतो मुलगा आणि घ्यायची असते मुलीने. कागद तिच्यापर्यंत पोचतच नाही.

माझ्या पाहण्यात तरुणांच्या गर्भनिरोधनाचं या शहरातलं सर्वांत गजबजलेलं केंद्र हा काउंटर आहे. आणि औषध दुकानदाराला नमुन्यात घेणारं संशोधन विरळा. त्याला काय विचारलं जातं, तो काय सांगतो, काय सांगायला त्याला आवडेल पण वेळ नसतो, हे समजून घ्यायला फार मोठा निधी लागत नाही.

साधन चुकलं किंवा वापरलंच गेलं नाही, की पुढचा टप्पा येतो. भारतात २०१५ या एका वर्षात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्यात लग्न झालेल्या स्त्रियाच बहुसंख्य असणार. पण दवाखान्याच्या पायरीवर "नवऱ्याचं नाव?" या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांचा रस्ता तर त्या गोळ्यांपाशीच जाऊन थांबतो. कायदा असं म्हणत नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात साधन फसल्याचं कारण पूर्वी फक्त विवाहित स्त्री आणि तिचा नवरा यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं आलं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भासाठीच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असं स्पष्ट केलं. देशाच्या कायद्याने लग्नाची अट काढली आणि आमच्या प्रश्नावलीत ती अजून चौकटीत छापून येते, याची मला मनापासून खंत वाटते.

संशोधन होतच नाही असं कुणी म्हणू नये. पुष्कळ होतं. वैद्यकीय महाविद्यालयांत पीएसएमच्या, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या, विद्यार्थ्यांना थिसिस लागतो, आणि गर्भनिरोधनाबाबत ज्ञान, दृष्टिकोन व आचरण हा त्यातला बारमाही विषय. बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांना विचारायचं: तांबी ऐकली आहे का? गोळ्या ऐकल्या आहेत का? निरोध? देशात एखादं तरी आधुनिक साधन ठाऊक असलेल्यांचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे, हे राष्ट्रीय सर्वेक्षणात फेरीमागून फेरी आलेलं आहे. तेच पुन्हा मोजून आपल्याला नवं काय कळतं? ऐकलं आहे आणि नीट वापरता येतं, यांच्यामध्ये केवढं अंतर आहे! निरोध प्रत्येक वेळी, अचूक वापरला तर वर्षभरात शंभरातल्या साधारण दोन स्त्रियांना गर्भ राहतो. माणसं प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर तेरा जणींना. वीर्यपतनाआधी बाजूला होण्यावर भिस्त ठेवली तर साधारण वीस. दोन आणि तेरा यांच्यामधल्या त्या अकरा जणींच्या आयुष्यात काय घडलं, तो खरा संशोधनाचा विषय आहे. उशीर झाला होता का, पाकीट कुठे ठेवलं होतं, त्याने नको म्हटलं का, तिला सांगायची भीती वाटली का, कुठल्यातरी व्हिडिओवरून त्यांनी 'सुरक्षित दिवस' चुकीचे मोजले का? असे प्रश्न अनुमानधपक्याने सुटत नाहीत. ते विचारावे लागतात.

विचारता येतात, हे विदर्भानेच दाखवून दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग, दोघंही नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा त्यांचा अभ्यास १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये आला. लग्न झालेल्या आणि न झालेल्याही स्त्रिया त्यात होत्या. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी इतकंच धरून चालत होते. कुणी जाऊन बसलं, विश्वास मिळवला, विचारलं आणि तपासलं, तेव्हा जगभरातल्या स्त्री-आरोग्याच्या चर्चेचा रोख बदलला. पुढे राणीताईंनी तरुण मुलामुलींसाठी तारुण्यभानाची शिबिरं सुरू केली आणि तिथे मुलं जे विचारतात ते ऐकलेल्या कुणालाही, 'आपली मुलं असलं काही बोलत नाहीत' हे वाक्य उच्चारणं जड जाईल. गडचिरोलीच्या खेड्यात पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वी जे जमलं, ते नागपूरच्या वसतिगृहात जमणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

विचारण्याची रीत मात्र शिकावी लागते. २००६-०७ मध्ये मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत पन्नास हजारांहून जास्त तरुणांचं सर्वेक्षण केलं, विवाहित आणि अविवाहित दोन्ही. लग्नाआधीच्या संबंधांबद्दल तोंडी प्रश्न विचारून झाल्यावर शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली जायची. तिच्यावर खूण करायची, पाकिटात घालायची, पाकीट चिकटवून परत द्यायचं. मुलाखत घेणाऱ्यालाही आत काय आहे ते कळत नसे. समोरासमोर नाही म्हणालेल्या काहींनी पाकिटात होय म्हटलं. पुण्यात अविवाहित तरुणांवर झालेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आणखी बोलका आहे. काहींना माणसाने विचारलं, काहींनी कानाला हेडफोन लावून संगणकावर स्वतः उत्तरं दिली. कॉलेजमधली मुलं संगणकापुढे जास्त मोकळी झाली. झोपडपट्टीतल्या मुलांच्या बाबतीत तसा सरळ निष्कर्ष निघाला नाही. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. एका गटाला यंत्र सोयीचं, दुसऱ्याला बोलणारा माणूस. रामबागेच्या वस्तीतल्या मुलाला आणि लॉ कॉलेज चौकातल्या मुलीला एकच पद्धत लागू पडेल असं गृहीत धरता येणार नाही. आधी छोटा चाचणी-अभ्यास करून पाहावा लागेल, आणि नागपुरात मुलं ज्या भाषेत बोलतात त्या मिश्र मराठी-हिंदीत प्रश्न लिहावे लागतील. 'संततिप्रतिबंधक साधनांचा अवलंब' असं विचारलं की विद्यार्थी गोंधळतो आणि मान डोलावतो. त्या डोलावण्याची नोंद मग 'होय' अशी होते.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा असतो: असले प्रश्न विचारणं म्हणजे मुलांना शिकवणंच झालं. २००७ साली याच आक्षेपावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रातल्या शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम थांबवला गेला. त्या वर्षी नववीत असलेली मुलं आज तिशी ओलांडून आईबाप झाली आहेत. त्यांना जे सांगितलं गेलं नाही ते त्यांनी फोनवरून गोळा केलं, बरंचसं चुकीचं. युनेस्कोने जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ च्या मार्गदर्शिकेत लिहिलं की लैंगिकतेच्या शिक्षणामुळे लैंगिक संबंध वाढत नाहीत, उलट जोखीम घटते. शिकवण्याने जर बिघडत नाही, तर नुसतं विचारल्याने काय बिघडणार?

दुसरा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. समजा उद्या असा अभ्यास झाला आणि त्यातून एक टक्केवारी निघाली. दुसऱ्या दिवशी मथळा काय येईल? 'वसतिगृहातल्या इतक्या टक्के मुली…' मुलांचा आकडा तिप्पट असला तरी मथळा मुलींचाच येईल. आठवड्याभरात वॉर्डन गेट बंद करायची वेळ आठवर आणतील. गडचिरोलीतला बाप पोरीला परत बोलावून घेईल आणि शिक्षण तिथेच संपेल. वस्तीतल्या मुलींवर अभ्यास झाला तर वस्तीचं नाव खराब होईल. ज्यांच्या भल्यासाठी आकडा काढला त्यांच्याच गळ्याशी तो येईल, ही भीती खरी आहे. अशा अभ्यासाला जी मुलगी नकार देते ती मागासलेली नसते. तिला आपल्या आजूबाजूचं जग नीट कळलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, 'किती जणांचे संबंध आहेत' हा प्रश्न मध्यभागी ठेवण्याची गरजच नाही. ते मोजल्याने कुणाचं आरोग्य सुधारणार आहे? विचारायचं ते सेवेबद्दल. गरज पडली तेव्हा कुठे गेलात? काय मिळालं? कोण काय बोललं? साधन वापरणं मध्येच का सोडलं? पैसे किती गेले? पुन्हा तिथे जाल का? या उत्तरांमधून व्यवस्थेचे दोष दिसतात आणि ते दुरुस्त करणं व्यवस्थेच्या हातात असतं. अहवालात कॉलेज, वसतिगृह, वस्ती यांची नावं नकोत. मुली आणि मुलं यांचे आकडे नेहमी शेजारीशेजारी छापावेत. नाव, फोन क्रमांक, आधार यातलं काहीही प्रश्नावलीच्या जवळपाससुद्धा नको.

ही गोपनीयता आपल्याला नवीन नाही. एचआयव्हीच्या साथीने सरकारी रुग्णालयांत समुपदेशनाची खोली आणली. एचआयव्हीची तपासणी करणाऱ्या केंद्रात आलेल्या माणसाला आडवळण न घेता विचारतात: जोडीदार किती, निरोध वापरता का, शेवटचा कधी वापरला. लग्न झालं नसेल तर तिथे पान उलटत नाहीत. नावाऐवजी क्रमांक चालतो, आणि २०१७ च्या कायद्याने त्या माहितीच्या गुप्ततेला संरक्षण दिलं आहे. त्याच इमारतीत, दोन जिने चढून कुटुंब कल्याणाच्या खोलीत गेलं की तोच माणूस एकाएकी 'अपात्र' होतो. रोगाच्या भीतीने जे प्रश्न आपण विचारायला शिकलो ते आरोग्याच्या हक्कासाठी विचारायला कचरतो, याला शास्त्रीय कारण काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात की केवळ कमी वयामुळे कोणतंही साधन नाकारता येत नाही. मूल न झालेल्या स्त्रीलाही तांबी चालते. "पहिलं होऊ द्या, मग पाहू," हे वाक्य मी दवाखान्यांत इतक्या वेळा ऐकलं आहे, लग्न झालेल्यांच्या बाबतीतही, की तो वैद्यकीय सल्ला आहे अशीच बहुतेकांची समजूत झाली आहे.

अठरा वर्षांखालच्यांचं कोडं वेगळं आणि अवघड आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा आहे आणि माहिती मिळालेल्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संशोधनाला वयाचा नियम आणखी एक अट घालतो: पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी यात दोन्हीकडून अडकते. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने अहवालात उघड न करण्याची मुभा दिली, हे मोठं पाऊल आहे. पण संशोधकांनी तिथून सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही. अठरा ते चोवीस हा सज्ञान लोकांचा गट आहे. मत देतात, कर्ज काढतात, करार करतात. त्यांची स्वतःची संमती पुरते. तिथूनही आपण सुरुवात केलेली नाही.

मुलांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण संशोधन त्यांना फार क्वचित गाठतं. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात सुमारे ७ लाख २४ हजार स्त्रियांशी बोलणं झालं आणि सुमारे १ लाख २ हजार पुरुषांशी. त्या पुरुषांपैकी ३५ टक्के जण म्हणाले की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही. साधारण २० टक्क्यांना वाटतं की साधन वापरणारी स्त्री स्वैर वागू लागेल. ही मतं वयाच्या चाळिशीत उगवत नाहीत, ती अठरा-वीसच्या सुमाराला घट्ट होतात. मित्रांच्या टोळक्यात फुटाळा तलावावर, पानठेल्यावर. काउंटरवर आवाज खाली घेणाऱ्या त्या मुलाला संशोधनात जागा दिली नाही, तर निरोध का वापरला जात नाही याचं उत्तर आपण आयुष्यभर त्याच्या जोडीदारालाच विचारत राहू.

दीक्षाभूमीच्या या शहरात एक जुना प्रसंग सांगावासा वाटतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला की सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी कराव्यात. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव फेटाळला गेला. प्रचार पुढे खूप झाला. भिंती कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणांनी रंगल्या. सोयींचं काम मात्र तरुणांच्या वाट्याला अर्धवटच आलं.

काय करता येईल? तिन्ही वैद्यकीय संस्थांच्या पीएसएम विभागांनी मिळून एक अभ्यास आखावा, अठरा ते चोवीस वयाचा, मुलं-मुली समसमान, वसतिगृहं, वस्त्या, एमआयडीसी आणि दोन-तीन तालुके धरून. थिसिसचे विषय ठरताना गाईडनी एका विद्यार्थ्याला दुकानदारांचा भाग द्यावा, एकीला खोली करून राहणाऱ्या मुलींचा. एचआयव्हीबद्दल जागृती करणारे कॉलेजांतले रेड रिबन क्लब आहेतच, रक्तदानापलीकडे त्यांना हेही काम देता येईल. मुलाखत घेणारे तरुण असावेत, पण त्याच कॉलेजचे नसावेत. एथिक्स कमिटीवर पंचविशीच्या आतली एक तरी व्यक्ती असावी. ज्याला लगेच मदत हवी आहे त्याच्यासाठी त्या दिवशी, त्या जागी समुपदेशक हजर असावा, कारण प्रश्न विचारून निघून जाणं हे बरोबर नाही.

आणि निकाल आधी त्या मुलामुलींपुढे ठेवावेत. त्या बैठकीत वॉर्डन नको, पत्रकार नको. आकडा असा का आला, हे त्यांनी सांगावं आणि ते अहवालात त्यांच्याच शब्दांत यावं. त्यानंतर प्रत जावी महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि जिल्हा परिषदेला: कोणत्या नागरी आरोग्य केंद्रात संध्याकाळी किती वाजेपर्यंत खोली उघडी ठेवायची, तिथे माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन आणि तातडीची गोळी यांचा साठा किती लागेल, आणि समुपदेशनाच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं.